शेवाळाला अभय, कोब्याला तेल

दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा, असं सांगायला संपादक स्वतः घरी आले. कोणीतरी त्यांना माझं नाव 'जुने सिमेंटवाले' म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे मी निदान एखाददुसरा पूल तरी बांधला असेल असा त्यांचा समज. मी त्यांना खरं ते सांगितलं. पूल नाही, धरण नाही. जळगाव-धुळ्याकडे ज्यांच्या दारात मोटारी उभ्या राहू लागल्या होत्या, त्यांच्या फाटकापासून पोर्चपर्यंतचा सिमेंटचा कोबा मी धुतला आणि त्याला तेल पाजलं. संपादकांचा चेहरा जरा उतरला. पण पुढ्यात चिवडा होता. तो संपेपर्यंत ते सावरले आणि म्हणाले, "तेही चालेल."

तर हे 'तेही चालेल' या सदरातलं लिखाण आहे.

माझ्या धंद्यात माणूस दिवसभर गुडघ्यांवर असतो. मोठमोठ्या लोकांची ओळख मला आधी त्यांच्या पायांवरून झाली, वरचा भाग नंतर. कित्येकांचे पायच बरे होते. घरी आमची ही म्हणायची, "लोकांच्या मोटारींखाली आरसे, आणि माझ्या चुलीपुढे खड्डा." तो खड्डा मी बुजवीन बुजवीन म्हणत राहिलो आणि शेवटी तिनंच शेणमातीनं बुजवला. माझ्यापेक्षा चांगला.

माझे वडील धुळ्याला चुन्याचा कोबा करायचे. बायका ओळीनं बसून लाकडी चोपण्यांनी तो चोपायच्या, गाणी म्हणायच्या, आणि तो असा बसायचा की वर लोळावंसं वाटावं. मग सिमेंटची हवा आली. स्वातंत्र्य मिळालं होतं, पण सिमेंट मिळत नव्हतं, परमिट लागायचं. ज्याला परमिट मिळे तो उरलंसुरलं सिमेंट दारापुढे पसरून ठेवी, येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं म्हणून. ते घाईनं पसरलेलं, वरून नीट न घोटलेलं सिमेंट म्हणजे माझं पोट.

बाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो. सिमेंटचा कोबा दिसायला दगड, पण स्वभावानं टीपकागद. चहा सांडा, पान थुंका, मोटारीतलं काळं तेल गळू द्या, सगळं आत. पावसाचं पाणीही आत, आणि पाणी मुरलं की वर शेवाळ. म्हणून आधी तो धुवायचा, मग खडखडीत वाळवायचा. वाळला का ते कळायला पत्र्याचा एक तुकडा रात्रभर त्यावर ठेवायचा. सकाळी पत्र्याखाली ओल दिसली तर अजून थांबायचं. नाही दिसली तर उकळलेलं जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून त्याला पाजायचं. तो पोटभर पितो. पिऊन झालं की वर राहिलेलं तेल लगेच पुसून काढायचं. सगळी कला या पुसण्यात आहे. धुळ्याचा एक धान्याचा व्यापारी म्हणाला, "पुसता कशाला, मी तेलाला कंजूस नाही." त्याच्या हट्टानं तेल तसंच ठेवलं. त्याचा डिंक झाला. पुढचे कित्येक दिवस त्याच्याकडे गिऱ्हाईक यायचं, वहाण मागे राहायची आणि गिऱ्हाईक पुढे जायचं. आणि हो, तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून ठेवायच्या नाहीत, मोकळ्या वाळत घालायच्या. ढीग केला तर आपोआप तापतात आणि पेट घेतात. एखाद्या देवळात हे झालं असतं तर तिथं जत्रा भरली असती.

आता जळगावच्या एका शेठची गोष्ट सांगतो. सरकीचा आणि जिनिंगचा त्यांचा धंदा. त्यांना आपण पन्नालालशेठ म्हणू. खरं नाव लिहिलं तर त्यांचे नातू मला मोटारीखाली घालतील.

शेठनी मोटार घेतली होती ती कुठल्याशा संस्थानिकाची. संस्थान विलीन झालं, मोटार काही विलीन व्हायला तयार नव्हती. ती गळत गळत जळगावपर्यंत आली आणि शेठच्या पोर्चमध्ये बसली. त्या वर्षी तर ती पावसाळाभर जागची हलली नाही, कारण तिचा कुठला तरी पार्ट मुंबईहून यायचा होता. बंगल्यापुढे मोठा लिंब. त्याच्या दाट सावलीत फाटकापासून पोर्चपर्यंतचा कोबा, गोदामातून उरलेल्या सिमेंटचा. वर पाण्याची टाकी रोज भरून वाहायची, ते पाणी त्याच कोब्यावरून जायचं. दिवाळी झाली तरी तिथं असं हिरवंगार शेवाळ होतं की गाय फाटकातून आत बघून थबकायची.

शेठ त्या शेवाळावरून घसरले आणि मनगट मोडून घेतलं. मग मला बोलावणं आलं. उजवा हात गळ्यात, डाव्या हातानं जमीन दाखवत ते म्हणाले, "नाना, धुळ्याचे पाहुणे यायचेत, कांताला बघायला. त्याच्या आत हे चकचकीत झालं पाहिजे."

मी म्हणालो, "तेजाब टाकतो, तारेच्या ब्रशनं खरवडतो. शेवाळाचं नाव राहणार नाही."

"नको."

हा आवाज शेठचा नव्हता. दाराच्या आतून आला होता. उंबरठ्याच्या आत पाटावर शेठच्या आई बसल्या होत्या. सगळे त्यांना माजी म्हणायचे. पदर नाकापर्यंत, हातात माळ, आणि आवाज असा की जिनमध्ये भोंग्याऐवजी वापरावा.

"त्यात जीव आहे," माजी म्हणाल्या. "लीलन-फूलन आहे ते. एकेका कणात मोजता येणार नाहीत इतके जीव."

शेठ मला बाजूला घेऊन गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आमचा जैन धर्म आहे, आणि माझी आई आमच्यापेक्षा जास्त जैन आहे. शेवाळावर पाय ठेवायचा नाही, म्हणून आषाढापासून घराबाहेर पडलेली नाही. आमचे साधू उतरतात ते स्थानक चार घरं सोडून आहे, महाराजांचं व्याख्यान चालू आहे, आणि ही इथून ऐकू येतं का बघते. शेवाळ काढू म्हटलं तर काढू देत नाही."

"मागची बोळ आहे ना?"

"पावसाळ्यात तिचा नाला होतो. आणि एरवी म्हणते, मी या घरात पुढच्या दारानं आले, मागच्या दारानं जाणार नाही."

म्हणजे त्या बाईनं स्वतःला घरात कोंडून घेतलं होतं, आणि किल्लीही कोणाला देत नव्हती. मी देवाधर्माच्या वाटेला फारसा गेलो नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, बाई हट्टी आहे, तरी तिच्या हट्टात लबाडी नाही. स्वतःच्या सोयीसाठी नियम वाकवणारे मी पुष्कळ पाहिले होते. ही स्वतः अडकून बसली होती आणि तक्रार करत नव्हती.

मी उंबरठ्यापाशी जाऊन बसलो.

"माजी, धुणारा मी. पाप मला लागू द्या. माझ्याकडे आधीच इतकं आहे की त्यात हे दिसणारसुद्धा नाही."

"सांगणाऱ्याला लागत नाही का?"

"बरं. ते आपणहून वाळलं तर?"

"आपणहून म्हणजे?"

"उन्हानं."

"इथं ऊन येत नाही."

"आलं तर?"

माळेचे दोन-चार मणी सरकले. मग म्हणाल्या, "उन्हाला मी नाही कशी म्हणू?"

ऊन आणायचं कसं हा प्रश्न राहिला. फांद्या तोडायच्या म्हटल्या असत्या तर परत तीच वादावादी. तेवढ्यात आतून शेठची मुलगी कांता आली. मॅट्रिक झालेली, चष्मा लावणारी, वडिलांसमोर हळू आणि आजीसमोर स्पष्ट बोलणारी. ती म्हणाली, "तोडता कशाला? केस बांधतात तशा बांधा."

माझा जोडीदार सुकदेव धरणगावकडचा, झाडावर चढायला माकड. त्यानं लिंबाच्या खालच्या फांद्या दोरांनी ओढून गच्चीच्या कठड्याला आणि कुंपणाला बांधल्या. झाड असं दिसायला लागलं की शाळेत मास्तरांनी हात वर करून उभं केलंय. टाकीच्या वाहत्या पाण्याला मी पन्हळ लावून ते मागच्या केळींकडे वळवलं. कोब्यावर लख्ख ऊन पडलं. रोज सकाळी माजी दारात येऊन बघायच्या. हिरवं पिवळं झालं, पिवळं काळं झालं, आणि एक दिवस त्याचे पापुद्रे सुटून वाऱ्यावर उडायला लागले.

"गेलं?" माजींनी विचारलं.

"गेलं."

"तू काही केलं नाहीस ना?"

"मी नुसते दोर बांधले."

"दोर कोणी बांधले ते वर विचारतील."

"विचारतील तेव्हा तुमच्या नातीचं नाव सांगीन. कल्पना तिची."

पदराआड त्या हसल्या असाव्यात. खात्रीनं सांगता येत नाही.

मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि नेमकं विचारलं, "आता तू तेल लावणार. ते कशाला? चकाकीला?"

"शेठना चकाकी पाहिजे. पण तेल प्यालं की कोब्यात पाणी मुरत नाही. पाणी मुरलं नाही तर शेवाळ जन्मालाच येत नाही. जे जन्माला आलं नाही त्याला मारायचा प्रश्न येत नाही."

"म्हणजे पुढच्या चौमासात मी बाहेर जाईन?"

"जाल."

बोलून गेलो खरा. गिऱ्हाइकाला शब्द देणं हा माझा रोजचा उद्योग होता, आणि त्यातले बरेचसे हवेत विरायचे. पण त्या बाईनं पदराआडून माझ्याकडे असं पाहिलं की मी उगाच दोन घोट पाणी प्यायलो. खरी गोष्ट अशी की मी आजवर तेल लावलं होतं ते डाग पडू नयेत म्हणून. लिंबाच्या सावलीत, अख्खा पावसाळा, शेवाळ धरणारच नाही, हे मी कुठं पाहिलेलं नव्हतं.

धुण्याचं काम निघालं. मोटार ढकलून फाटकाबाहेर काढली. तिच्याखाली काळ्या तेलाचं हे एवढं तळं होतं. खडूची भुकटी रॉकेलमध्ये कालवून त्यावर जाड थापली, ती वाळली की काळं तेल ओढून घेते. मग सोड्याचं गरम पाणी आणि काथ्याचा ब्रश. इथं माजींची दुसरी अट आली. कोबा धुवायचं पाणी गाळून घ्यायचं. विहिरीतून बादली आली की फडक्यातून दुसऱ्या बादलीत, मग जमिनीवर. सुकदेव माझ्या कानाशी लागला. "नाना, आपन पितस ते पानी तरी कोनी गाळस का?" मी त्याला गप्प केलं. दुपारच्याला मात्र तो प्यायचं पाणी गाळून घेताना दिसला.

तिसरी अट मुंग्यांची. तेलात मुंग्या चिकटून मरतील, तेव्हा आधी त्यांना बाहेर काढा. कांतानं कोब्याच्या कडेनं कणीक आणि साखर यांची रेघ ओढत ओढत कुंपणाबाहेरच्या वारुळापर्यंत नेली. मुंग्यांनी स्थलांतराला त्यांचा वेळ घेतला. आम्ही सावलीत बसून वाट बघितली. मी आयुष्यात पुष्कळ कारणांनी काम थांबवलं. मुंग्यांच्या सोयीसाठी थांबवलं ते हे एकदाच. शेठ आतबाहेर करत होते. "मुंग्या झाल्या का?" असं विचारताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. जिनमध्ये त्यांच्या नुसत्या खोकण्यानं माणसं पळायची.

पत्र्याखाली ओल दिसेना, तेव्हा तेलाचा दिवस ठरला. पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते. सकाळी ऊन चांगलं होतं. मी आणि सुकदेव फाटकाकडून सुरुवात करून पोर्चकडे मागं मागं सरकत निघालो. कोबा असा तहानलेला की ब्रश टेकला की तेल गायब. सुकदेव म्हणाला, "नाना, हाई जमीन बठ्ठं तेल पी गई."

निम्मं काम झालं आणि ढग आले. कार्तिकातले ढग, कोणी बोलावलेले नव्हते. ऊन गेलं की तेल आत जायचं मंदावतं, वरचं घट्ट होऊ लागतं, आणि वेळेत पुसलं नाही तर धुळ्याच्या व्यापाऱ्याचा डिंक. त्यात रस्त्यावरची जनावरं आणि माणसं ओल्या तेलावर येऊ नयेत म्हणून एकाला फाटकाशी उभं करणं भाग होतं. मी सुकदेवला पाठवलं. तेल लावायलाही मी, पुसायलाही मीच.

"फडकं कुठे आहे?" कांता पोर्चच्या पायरीवर उभी होती.

"तुम्ही नका. पाहुणे यायचेत उद्या. हात पिवळे होतील."

"उद्या ना?" ती म्हणाली आणि पदर खोचून खाली उतरली.

मी तिला एकदा दाखवलं. गोल नाही, सरळ पुसायचं, फडकं फिरवत राहायचं, गुडघ्याखाली पोतं. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. आम्ही दोघं मागं मागं सरकत राहिलो. दारातून माजी बघत होत्या आणि मधूनच "तिकडे राहिलं" असं दाखवत होत्या. पदराआडून त्यांना इतकं दिसायचं कसं, कोण जाणे.

तेवढ्यात फाटकाशी मोटार थांबली. धुळ्याचे पाहुणे एक दिवस आधी आले होते. धरणगावला त्यांचं सरकीचं काम होतं म्हणे. पण ते निमित्त. मुलाच्या आईचा तो बेत होता, हे पुढे तिनंच सांगितलं. घर नटायच्या आत बघायचं.

सुकदेवनं बांबू आडवा धरला. "थांबा. आत येवानं नही."

मुलाचे वडील खाली उतरले. रेशमी टोपी, पांढरंशुभ्र धोतर. "आम्ही धुळ्याहून आलोत. हे शेठजींचं घर ना?"

सुकदेव म्हणाला, "घर शेठनं शे. पन आजना दिन जमीन नानानी शे."

शेठ पोर्चमधून हे ऐकत होते. पुढं तेल, मागं इज्जत, आणि एक हात गळ्यात. त्यांनी दुसऱ्या हातानं डोळे झाकले. मग भानावर येऊन आतूनच ओरडून सांगितलं की मागच्या बोळीनं या, मी येतो सामोरा. आणि शेठ आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गोठ्यातून धावले.

मी आणि कांता पुसतच होतो. थांबलो असतो तर निम्मा कोबा फुकट गेला असता. ती एकदाच म्हणाली, "नाना, आता काय?" मी म्हणालो, "आता हा कोपरा." तिनं तो कोपरा घेतला.

थोड्या वेळानं पायरीवर पाय आले. जाड चांदीचे तोडे, मोठ्या बाईचे पाय. मी मान वर न करता म्हणालो, "बाई, तिथंच थांबा. पाय खाली ठेवू नका, तेल ओलं आहे."

पाय थांबले. "तू कोण?"

"मी तेल लावणारा. तुम्ही?"

"मी हिला बघायला आलेय."

कांता उठून उभी राहिली. पदर खोचलेला, चष्मा घसरलेला, हात कोपरापर्यंत तपकिरी, कपाळावर तेलाचा पट्टा. मागं शेठ आणि मुलाचे वडील येऊन उभे. मला वाटलं, संपलं. एका पोरीचं लग्न माझ्या पायी मोडलं, आणि तेही पहिला हात पुरा व्हायच्या आत.

"हात दाखव," धुळ्याच्या बाई म्हणाल्या.

कांतानं दाखवले. बाईंनी वास घेतला. "हे काय?"

"जवसाचं तेल. वेळेत पुसलं नाही तर चिकट राहतं. ढग आले आणि माणूस एकच उरला."

"मजूर नव्हता दुसरा?"

"आहे. फाटकाशी उभा केलाय. तुम्हाला अडवायला."

शेठ खोकले. इथं त्याचा काही उपयोग झाला नाही.

"आम्ही येणार म्हणून चाललंय हे सगळं?"

"बाबूजी तसं म्हणतात," कांता म्हणाली. "पण हे माजींसाठी आहे. शेवाळावर पाय नको म्हणून चार महिने त्या घरातून निघाल्या नाहीत. तेल लावलं की शेवाळ येत नाही, असं नाना म्हणतात."

बाईंनी वळून दाराकडे पाहिलं. माजी पाटावर बसल्या होत्या. त्या दोघींमध्ये काय नजरानजर झाली ते मला समजलं नाही, एकीचा पदर नाकापर्यंत आणि दुसरीचा हनुवटीपर्यंत. पण बाई तिथंच पायरीवर बसल्या. चांगली साडी, तेलाचे डाग, कशाची पर्वा केली नाही.

"आमच्या दारातही तेच आहे," त्या म्हणाल्या. "मी चौमासाभर खिडकीत बसते. घरातल्या कोणाच्या हे लक्षातसुद्धा आलेलं नाही." हे म्हणताना त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, तरी नवऱ्यानं टोपी सारखी केली.

मग मला विचारलं, "हे टिकतं का?"

"चांगलं पुसलं तर टिकतं."

"चांगलं म्हणजे कसं?"

"हिनं पुसलंय तसं," मी म्हणालो.

मी धंद्याचं बोललो होतो. त्यांनी ते लग्नाचं घेतलं. बाई उठल्या, कांताच्या कपाळावरचा तेलाचा पट्टा स्वतःच्या पदरानं पुसला आणि शेठना म्हणाल्या, "आम्हाला पसंत आहे. उद्या परत यायची गरज नाही."

शेठचा जीव भांड्यात पडला. कांता मात्र म्हणाली, "मी मुलाला अजून पाहिलेलं नाही." मुलाचे वडील दचकले. माजी आतून म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं." माजींपुढे कोण बोलणार? मुलगा नंतर आला, तेल वाळल्यावर, पुढच्या फाटकानं. कांतानं त्याला इतके प्रश्न विचारले की बिचारा मॅट्रिकला परत बसल्यासारखा बाहेर आला, असं सुकदेवचं म्हणणं. मग ती हो म्हणाली. लग्नाआधी मी आणि सुकदेव धुळ्याला जाऊन त्यांच्या दारापुढचा कोबा करून आलो. बाई खिडकीत बसून, पुसायची राहिलेली जागा दाखवत होत्या.

इथवर सगळं ठीक. पण माझा दिलेला शब्द अजून पावसात भिजायचा होता.

पुढच्या आषाढात पाऊस लागला तशी माझी झोप उडाली. सायकलवरून कुठंही निघालो तरी मी वाट वाकडी करून शेठच्या फाटकाशी थांबायचो आणि चोरासारखा आत बघायचो. लिंबाच्या फांद्या पुन्हा मोकळ्या सोडल्या होत्या, सावली होती तशीच. पाणी पडत होतं आणि अळूच्या पानावर पडल्यासारखं ओघळून जात होतं. पण मला खात्री नव्हती. एकदा पोर्चजवळ हिरवी झाक दिसली तेव्हा सायकल फाटकाशी आडवी टाकून आत धावलो. उकिडवा बसून बोट लावलं तर लिंबाचा ओला पाला.

श्रावणात शेठनी निरोप पाठवला, माजी बाहेर पडतायत. मी पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. माजी उंबरठ्यावर उभ्या होत्या, हातात काठी. मागं शेठ छत्री घेऊन. छत्रीची गरज नव्हती, पण त्यांना काहीतरी धरायचं होतं. माजींनी आधी पायाचा अंगठा टेकवला. मग चवडा. मग वाकून, पदर डोळ्यांवरून वर सारून, सगळा कोबा इकडून तिकडे नीट बघितला. त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. लहानखुरा, गोरा, आणि डोळे अजिबात म्हातारे नव्हते.

"कुठे नाही," त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या. सावकाश, पण न थांबता. फाटकाबाहेर पडल्या आणि चार घरं पलीकडं स्थानकात गेल्या. शेठना तोंड फिरवावं लागलं. मलाही पत्रा तपासायची आठवण झाली, पत्रा तिथं नव्हता तरी.

तो कोबा मी पुढं बरीच वर्षं सांभाळला. माजी गेल्या, शेठ गेले, आणि नातवांनी तिथं गुळगुळीत फरशी बसवली. तीवर आता सगळेच घसरतात, बारा महिने. मला बोलावलं नव्हतं, मीही गेलो नाही. एवढं वाईट वाटायचं काही कारण नाही हे कळतं, पण वाटतं.

त्या श्रावणानंतर थोड्याच दिवसांनी मी सहज शेठकडे गेलो होतो. व्याख्यानाची वेळ होती आणि माजी फाटकाच्या आत खुर्ची टाकून बसल्या होत्या. शेठ मला पोर्चमध्ये भेटले आणि कुरकुरले, "एवढं तेल ओतलं, मुंग्या हलवल्या, व्याह्यांना गोठ्यातून आणलं. दोन-तीनदा गेली स्थानकात आणि म्हणते, महाराज फार लांबण लावतात. आता रोज इथंच बसते. लोक काय म्हणतील?"

मी माजींकडे गेलो. "काय माजी, आज व्याख्यान नाही?"

"आहे की. चालू असेल."

"मग?"

त्यांनी काठीनं रस्त्याकडे दाखवलं. केळीनं लादलेली बैलगाडी स्टेशनाकडे चालली होती, मागून एक बोहारीण, तिच्यामागं सायकल हातात धरून भांडत जाणारे दोघे.

"लग्न होऊन आले तेव्हापासून आतून नुसते आवाज ऐकलेत," माजी म्हणाल्या. "आता कोण ओरडतं ते बघते. तू जरा बाजूला हो, गाडी दिसत नाही."